चित्रातलं पोर

आईला घेऊन एक चित्र बघायला जायचं, एवढंच काम होतं. पण त्यात माझा अख्खा हिवाळा गेला आणि उन्हाळा लागला तरी ते संपेना.

मी बेळगावात एका सरकारी कचेरीत कारकून आहे. निवृत्तीला आठ वर्षं उरलीत, पण गुडघे आत्ताच निवृत्त झालेत. टिळकवाडीत दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. नवरा बदलीवर हुबळीला, शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. मुलगी बंगळूरला नोकरीला. घरात उरलो मी आणि आई. आईला पंचाहत्तर पुरी व्हायला आली आहेत. तिला कमी ऐकू येतं, पण जे ऐकू नये ते बरोबर ऐकू येतं.

दिवाळीनंतर एका रविवारी मुलीनं मोबाइलवर एक चित्र पाठवलं. खाली लिहिलं होतं, ‘आजी सांगते ते हेच का बघ.’ महाराष्ट्रातल्या एका लांबच्या विद्यापीठाचं चित्रसंग्रहालय होतं, जुन्या संस्थानिकांच्या दगडी वाड्यात, आणि त्यांनी आपली चित्रं संगणकावर चढवली होती. त्यात पोस्टाच्या तिकिटाएवढं एक चित्र. एका मोठ्या लाकडी दाराच्या उंबऱ्याशी बसलेली बाई, मांडीवर तान्हं मूल. मी मोबाइल आईपुढं धरला. तिनं चष्मा लावला, काढला, पदरानं पुसून पुन्हा लावला.

“वखारीचं दार हाय ह्ये,” ती म्हणाली. “लुगडं माझंच.”

आई निपाणीची. लग्न झालं आणि ती तंबाखूच्या वखारीत कामाला लागली. दिवसभर जमिनीवर बसून पाला चाळायचा, काड्या निवडायच्या, उठायचं नाही, बसल्या बसल्याच पुढं सरकायचं. बायका तान्ही पोरं बरोबरच आणायच्या. आईचं पहिलं पोर, म्हणजे मला कधीच न भेटलेला माझा थोरला भाऊ, तेव्हा पाच महिन्यांचं होतं. त्या सुमारास चित्रकलेचे एक मास्तर विद्यार्थ्यांना घेऊन निपाणीत आले. जेवणाच्या सुट्टीत वखारीच्या दारात पोराला घेऊन बसलेली आई त्यांना दिसली. चार दिवस ते तिचं चित्र काढत होते. चौथ्या दिवशी म्हणाले, राहिलेलं घरी जाऊन पुरं करतो. चित्र घेऊन गेले ते गेलेच. पुढं दोन महिन्यांनी पोर तापानं गेलं.

त्याचा फोटो नव्हता. वर्षाच्या आत पोराचा फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं तेव्हाच्या म्हाताऱ्या म्हणायच्या, आणि माझ्या आजीनं तसं बजावलंही होतं. आईनं फोटो काढला नाही. पण चित्रही त्यातच मोजतात हे तिच्या डोक्यात आलं नाही. पोर गेल्यावर आजी एकदाच म्हणाली, “चितर काढवलंस की गं त्येचं.” आजी एकदाच म्हणाली, पण आई ते जन्मभर ऐकत राहिली. पुढं आम्ही बुद्धवंदनेला बसलो, शिकलो, नोकरीला लागलो, असल्या गोष्टींना हसायला लागलो. आईही आमच्याबरोबर हसायची. पण एवढी एक गोष्ट निघाली की उठून आत जायची.

माझाही लहानपणचा एक फोटो नाही. पहिला फोटो सातवीच्या परीक्षेचा, तोही डोळे मिटलेला. त्याचं कुणाला काही नाही. गेलेल्या पोराची सर राहिलेल्या पोराला येत नाही. “त्यो लई शांत हुता, कवा रडला न्हाय,” हे मी लहानपणापासून ऐकत आले. मी रडायची, म्हणून मी उणी. शेजारच्या बायका आपल्या पोरांना कुरवाळायच्या, तोंडावरून हात फिरवून बोटं मोडायच्या. आई मात्र माझ्या गालाला हात लावला तर पालथा लावायची, तेही लावला न लावला असा. मला वाटायचं, हिचं माझ्यावर मन बसलेलं नाही. पन्नाशी उलटली तरी हे मनातून जात नाही. सांगायला लाज वाटते, पण आहे ते आहे.

मोबाइलवरचं ते चित्र आम्ही मोठं करून बघितलं. मोठं केलं की नुसते चौकोन दिसायचे. पोराच्या तोंडाच्या जागी तीन-चार पिवळट ठिपके. आई किती वेळ बघत राहिली, मग मोबाइल माझ्या हातात देत म्हणाली, “मला त्येचं तोंड आठवत न्हाय गं. लई आठवायला बघते. तुझंच तोंड म्होरं येतंय.”

हे तिनं मला पहिल्यांदाच सांगितलं.

“एकदा बघून यायचं,” ती म्हणाली. “गुडघं हायती तवर.”

मी बरं म्हणाले. म्हणायला काय जातं. दुसऱ्या दिवशी कचेरीतून जेवणाच्या सुट्टीत संग्रहालयाला फोन लावला आणि तिथून माझ्या नाकी नऊ यायला सुरुवात झाली.

फोन आधी कुणी उचलेना. उचलला तेव्हा कळलं की बाहेरच्या माणसांना वरचं दालन बघायचं तर लेखी अर्ज लागतो. अर्ज केला. तो विद्यापीठाच्या मुख्य कचेरीकडे करायला हवा होता. तिथं केला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं की सोबत ओळखपत्राची प्रत नाही. आधार कार्डाची प्रत पाठवली. त्यावर कन्नड बघून तिथल्या बाईंनी फोन केला. आवाजावरून तरुण वाटल्या, बोलायला गोड होत्या.

“मॅडम, तुम्ही कर्नाटकातल्या का? मराठी किती छान बोलता!”

हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. कचेरीत साहेब म्हणतात, तुमचं कन्नड चांगलं आहे हो, मराठी असून. पलीकडं गेलं की हे. आम्ही दोन्हीकडं पाहुणेच. पण काम आपलं होतं. मी हसून “हो, घरी मराठीच” म्हणाले आणि विचारलं, लिफ्ट आहे का?

लिफ्ट नव्हती. इमारत जुनी, वारसा म्हणून जपलेली, भिंतीत खिळासुद्धा ठोकायची परवानगी नाही. वर जायला सागवानी जिना, चौतीस पायऱ्या. हे चित्र वरच. खाली आणता येईल का? त्या बाई इतक्या दचकल्या की मला फोनवर कळलं. चाकाची खुर्ची आहे, पण ती खालच्या दालनापुरती, आणि खालच्या दालनात फेटेवाले राजे आहेत. आईला राजे बघायचे नव्हते.

आईची तयारी वेगळीच चालली होती. जिने चढायचे म्हणून ती आमच्या इमारतीच्या जिन्यावर सराव करायला लागली. मी कचेरीतून यावं तर ही पहिल्या मजल्यावर कठड्याला धरून उभी, कपाळावर घाम. मी ओरडले. पडलीस तर मला कोण आहे इथं करायला? ती म्हणाली, “तुला कोण सांगतंय करायला?” आठवडाभर आमचं बोलणं भाजी काय करू एवढ्यापुरतंच राहिलं. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला वाटायचं, ह्या चित्राचं नाव कुणी काढलं नसतं तर बरं झालं असतं. सकाळी डबा, दिवसभर कचेरी, संध्याकाळी आईच्या गुडघ्यांना शेक, आणि वर हे. थकवा असा अंगात मुरला होता की रविवारी झोपूनही जात नव्हता.

जानेवारी संपता संपता परवानगीचं पत्र आलं. ‘कार्यालयीन वेळेत, सुट्टीचे दिवस वगळून केव्हाही यावे.’ मी कचेरीतल्या कॅलेंडरवर सुट्ट्या बघितल्या, कामं बघितली, आणि फेब्रुवारीतला एक कामाचा दिवस धरून रजा टाकली. ओळखीच्या ड्रायव्हरला गाडी सांगितली. घरी येऊन स्वयंपाकघरातल्या मराठी कॅलेंडरवर त्या तारखेत बॉलपेननं लिहिलं, ‘आई – चित्र’.

आता ही चूक आमच्याशिवाय कुणी करणार नाही. आमच्या घरात दोन कॅलेंडरं. कन्नड कचेरीच्या सुट्ट्यांसाठी, मराठी तिथ्या, दूध आणि सिलिंडर यांसाठी. बेळगावात शिवजयंती वैशाखात होते, तिथीनं. चित्ररथ निघतात, सगळं गाव रस्त्यावर येतं. आमच्या लेखी शिवजयंती म्हणजे ती. महाराष्ट्र सरकारची मात्र फेब्रुवारीत, तारखेनं, आणि तिकडं त्या दिवशी सुट्टी. इकडंही त्या दिवशी पुतळ्याला हार पडतात, पण कचेरी चालू असते, म्हणून डोक्यात राहत नाही. मी ज्या आकड्याशेजारी ‘आई – चित्र’ लिहिलं तो आकडा लाल होता. तीन आठवडे तो मी रोज चहा करताना बघत होते.

सकाळी सहाला निघालो. आईनं ठेवणीतलं पांढरं पातळ नेसलं होतं. मेथीची धपाटी, उकडलेली अंडी, पाण्याच्या दोन बाटल्या. निपाणी आली तशी तिनं काच खाली केली. वखार होती तिथं आता मंगल कार्यालय आहे. “हितंच बसलं हुतं मास्तर,” तिनं पार्किंगकडं बोट केलं. पुढं कागल ओलांडलं आणि रस्त्यावर भगवे झेंडे लावलेल्या मोटारसायकली दिसायला लागल्या. दहा, वीस, मग मोजता येईनात. चौकात लाउडस्पीकर, मंडप.

ड्रायव्हर म्हणाला, “मॅडम, आज शिवजयंती की हो हिकडं.”

मी संग्रहालयाला फोन लावला. वाजत राहिला. गाडी परत फिरवूया म्हणाले तर आई ऐकेना. “आता निम्म्यात आलोय न्हवं? दार बंद असलं तर बंद दार बघून येऊ.” म्हणून आणखी दोन तास गेलो आणि खरोखरच बंद दार बघितलं. लोखंडी फाटक, आत चिंचेची मोठी झाडं, पलीकडं काळ्या दगडाची कमानी-कमानींची इमारत. पहारेकरी भला माणूस होता. “आज्जी, उद्या या की,” म्हणाला. उद्या! जसं काही आम्ही मागच्या गल्लीत राहत होतो. आईनं फाटकाच्या गजांना धरून आत बघितलं आणि विचारलं, “ह्यातच हाय व्हय?” तो हो म्हणाला. तिनं मान डोलावली.

गाडीत बसल्यावर मला रडू आवरेना. त्या लाल आकड्याचं, रजेचं, जिन्याचं, सगळ्याचं मिळून आलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, आणि त्यातलं मोठं विघ्न मीच. आईनं पालथ्या हातानं माझा गाल पुसला, तसाच, लावला न लावला असा. “गप. पन्नास वरसं थांबलं पोरगं, आनि चार दिस थांबंल.” मला त्याही वेळी तिच्या हाताचा रागच आला. मी तोंड खिडकीकडं केलं.

चार दिवसांचा दीड महिना झाला. माझी रजा, मार्चअखेरची कामं, मधेच आईचा गुडघा सुजला. डॉक्टरांनी जिने चढायचे नाहीत म्हणून सांगितलं. मी जीव भांड्यात पडल्यासारखी घरी आले आणि म्हणाले, मी एकटी जाते, नीट फोटो काढून आणते. आई डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तू त्येला वळखणार कशी?”

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा रजा टाकली. या वेळी दोन्ही कॅलेंडरं बघितली.

एप्रिल लागला होता. फाटक उघडं होतं, पहारेकरी तोच, त्यानं आईला ओळखलं. फोनवरच्या बाई जिन्यापाशी आल्या, खरंच तरुण होत्या. खुर्चीवर बसवून दोघं-चौघं उचलून नेऊ म्हणाल्या. आई नको म्हणाली. तिनं चपला काढल्या, जिन्याकडं पाठ केली आणि पहिल्या पायरीवर बसली. मग दोन्ही हात मागच्या पायरीवर टेकून वर सरकली. मग पुढची. वखारीत इतकी वर्षं अशीच सरकण्यात गेलेली, अंग ते विसरलं नव्हतं. मी पर्स आणि चपला घेऊन खालून एकेक पायरी चढत होते. कॉलेजची पोरंपोरी कडेला थांबून बघत होती, आणि मला आधी लाज वाटली, मग त्या लाजेचीच लाज वाटली. चौतीस पायऱ्यांना पाऊण तास लागला.

वरचं दालन लांबलचक, थंड. उंच छताला कबुतरं. चित्र शेवटच्या भिंतीवर होतं, मला वाटलं होतं त्याहून मोठं, जवळजवळ माझ्या उंचीचं. खाली पाटी, ‘श्रमिक माता’. पहारेकऱ्यानं स्टूल आणून दिलं. आई बसली, चष्मा पुसला आणि बघायला लागली.

चित्रातली बाई वीस वर्षांची, काळीसावळी, गालफडं बसलेली. ती आईच होती, शंका नव्हती. मांडीवरचं पोर गोरंपान, गुटगुटीत. कपाळावर कुरळ्या बटा, गाल गुलाबी. दुकानातल्या बेबी पावडरच्या डब्यावर असतं तसं.

“ह्ये कुणाचं?” आईनं विचारलं.

मी खालची पाटी पुन्हा वाचली.

“माझं काळं हुतं. टकलं हुतं. बरगड्या दिसायच्या गं त्येच्या.” ती माझ्याकडं बघत नव्हती. “ह्ये माझं न्हाय.”

राहिलेलं घरी जाऊन पुरं करतो म्हणाले होते ते मास्तर. घरी जाऊन त्यांनी दुसऱ्याच कुणाचं तरी पोर आणून तिच्या मांडीवर बसवलं होतं. तिचं पोर त्यांना चित्रात घेण्यासारखं वाटलं नसेल. मला त्या माणसाचा भयंकर संताप आला. आता तो हयातही नसेल. इतके अर्ज, इतके फोन, दोन खेपा, चौतीस पायऱ्या, आणि ह्या म्हातारीला आपल्या पोराचं तोंड मिळालं नाही ते नाहीच. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, चल आई, जाऊया.

“थांब,” ती म्हणाली. स्टुलावरून पुढं वाकली. “हात बघ.”

मी बघितलं. चित्रातल्या बाईचा डावा हात पोराच्या खाली होता. उजवा पोराच्या गालाशी, पालथा. तळहात बाहेर, बोटांची टोकं काळपट तपकिरी, आणि हाताची मागची बाजू गालाला लावली न लावली अशी. तो हात मला पाठ होता.

“ह्यो माझा,” आई म्हणाली. “तंबाकूचा हात हुता न्हवं. तळव्याला खार असतुया. पोराच्या तोंडाला लागला तर आग व्हतीया, डोळ्यांत गेला तर दिसभर रडतंय. म्हणून समद्याच बायका पालथा हात लावायच्या.” मग जरा थांबून म्हणाली, “मास्तरानं एवढं खरं काढलंय. त्येला मी असंच धरलं हुतं.” आणि माझ्याकडं न बघताच, अगदी साध्या आवाजात, “तुलाबी.”

मी सहा वर्षांची होईपर्यंत आई वखारीत जात होती. हे मला माहीत होतं, आणि इतक्या वर्षांत मी या दोन गोष्टी कधी एकमेकींशेजारी ठेवल्या नव्हत्या. तिथंच भिंतीला टेकून मी रडले. त्या तरुण बाई पाणी आणायला गेल्या.

आईनं मला रडू दिलं. मग म्हणाली, “मोबाईल काढ. पोराचं तोंड नगं. नुसता हात घे.”

ती येतानाही जिना तशीच उतरली, एकेक पायरी बसून. गाडीत धपाटी खाल्ली आणि झोपली. निपाणी कधी गेली तिला कळलं नाही. मीही उठवलं नाही.

तो फोटो मोठा करून घेतला आहे. स्वयंपाकघरात दोन कॅलेंडरांच्या मधे लावला आहे. हात सगळा आलाय, आणि त्याला लागून गालाची एक बारीक कड आली आहे, तेवढी काही केल्या कापता आली नाही. एवढ्याशा कडेवरून गाल गोरा की काळा ते कळत नाही. आई जाता-येता तिथं थांबते आणि म्हणते, त्येचा गाल. मी व्हय म्हणते. पण सकाळी चहा करताना मी एकटीच असते, तेव्हा तो गाल माझा असतो.